दुपटीच्या आत

मुळेसरांना कुणी "उद्या देतो" म्हटलं, की ते लगेच विचारायचे, "जास्तीत जास्त किती उशीर होईल?" समोर शिंपी असो, डॉक्टर असो, नाही तर कँटीनमध्ये चहा आणणारा असो. समोरचा म्हणायचा, "नाही हो, उशीर कशाला होईल." सर मान हलवायचे. "होणार नाही असं नका सांगू. झालाच तर किती, तेवढं सांगा." माणसं वैतागायची. पिंपरीच्या बाजारातल्या शिंप्यानं तर एकदा कापड त्यांच्या हातात परत ठेवलं. "साहेब, मी कपडे शिवतो. भविष्य सांगायचं काम समोरच्या पारावर चालतं," म्हणाला.

वैतागणाऱ्यांत मीही होते. मी यादीवर चालणारी बाई आहे. घरात किराण्याची यादी, ऑफिसात कामांची यादी. ज्याच्यापुढे बरोबरची खूण करता येते ते काम झालं, एवढं साधं माझं शास्त्र. सरांच्या कुठल्याही कामापुढे मला ती खूण कधी सरळ करता आली नाही. गेल्या महिन्यात लेकीची बदली झाली म्हणून तिची ट्रंक भरत होते. ती आधी बारीकसारीक डबे कोंबायला लागली, आणि माझ्या तोंडून निघालं, "मोठं आधी." ते वाक्य माझं नाही, सरांचं. ट्रंक नीट भरली, आणि मग मला दिवसभर सर आठवत राहिले. आठवली की राग यावा अशीच माणसं असतात काही.

आमची कंपनी पत्रे दाबायचे मोठे प्रेस बनवायची. मी प्लॅनिंग खात्यात होते. कुठला जॉब कधी कुठल्या मशीनवर चढायचा, त्याच्या याद्या करायच्या आणि तो वेळेवर चढला का, हे शॉपमध्ये, म्हणजे मशिनांच्या शेडमध्ये, जाऊन बघायचं, हे माझं काम. सर अंबाजोगाईचे. तिथल्या कॉलेजात काही वर्षं गणित शिकवून ते सोडून आमच्याकडे आले, म्हणून सगळी कंपनी त्यांना 'सर' म्हणायची. वर्क्स मॅनेजर सबनीससाहेब मात्र नुसतं 'मुळे' म्हणायचे, आणि फार चिडले की 'मुळेसर'. सर बारीक, सावळे, दोन्ही बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि खांद्याला कायम एक खाकी पिशवी. पिशवी भरण्याचीही पद्धत होती. तळाला डबा, मग छत्री आडवी, मग कागद, आणि उरलेल्या फटीत चष्म्याचं घर, चुन्याची डबी. मधूनच काही काढलं तर सगळी पिशवी रिकामी करून पुन्हा पहिल्यापासून भरायचे. बस सुटायला आली तरी.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या यादीला हात घातला. ऑर्डर जशा येतील तशी मी कामं लिहायची. सरांनी तीच कामं उलटसुलट करून दिली, सगळ्यात लांबलचक काम वर, सगळ्यात छोटं खाली.

"बाई, मोठं आधी. छोटी कामं आधी उरकली की बरं वाटतं, माहितीय मला. पण शेवटी ते मोठं एकटंच राहतं आणि बाकीची मशिनं त्याचं तोंड बघत बसतात. छोटी कामं मागं ठेवा. ती कुठल्याही फटीत बसतात."

करून बघितलं. महिन्याची कामं खरंच लवकर संपली. सबनीससाहेब खूश होऊन आमच्या टेबलाशी आले.

"मुळे, म्हणजे आता याहून कमी वेळात होऊच शकत नाही?"

"होऊ शकतं की."

"मग ते करा ना."

"ते कुठलं, हे शोधायला सगळ्या पद्धती मोजाव्या लागतील. तुमचा नातू रिटायर होईल मोजता मोजता. पण एक सांगू शकतो. जी काही सगळ्यात उत्तम पद्धत असेल, तिच्याहून आपला वेळ एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही. कधीच नाही."

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी एवढंच ऐकलं होतं की काम एक तृतीयांश चुकलं आहे.

मलाही ते तेव्हा समजलं नाही. उत्तम कुठलं ते माहीतच नाही, तर त्याच्यापासून आपण किती लांब, हे कसं कळणार? मी विचारलं. सरांना असं कुणी विचारलं की ते आधी बाह्या वर सारायचे.

"सोपं आहे. सगळ्या कामांचे तास मिळवा. तीन मशिनांना सारखे वाटा. एवढा वेळ तर लागणारच, हो की नाही? त्याच्या खाली ब्रह्मदेव आला तरी जाता येत नाही. आणि सगळ्यात लांब जे एक काम आहे, तेवढाही लागणारच. मग ब्रह्मदेव कुठं आहे ते नका शोधू. तो याच्या खाली नाही, एवढं कळलं की झालं. माझा आकडा त्याच्याशी ताडून बघा."

हे त्यांचं स्वतःचं नव्हतं, आणि तसं ते कधी म्हणालेही नाहीत. दर शनिवारी अर्धी सुट्टी झाली की ते पुण्याला विद्यापीठाच्या ग्रंथालयात जायचे आणि परदेशी नियतकालिकांतली पानंच्या पानं हातानं उतरवून आणायचे. तिकडे अमेरिकेत कुणीतरी हे सिद्ध केलं होतं. सर फक्त ते पिंपरीत लागू करत होते. शहाण्या माणसानं ते गुपचूप लागू करून वाहवा घेतली असती. सर प्रत्येकाला आधी किती चुकेल ते सांगत फिरायचे.

मग चौथं मशीन आलं.

आमच्या शॉपमध्ये तीन मोठी बोअरिंग मशिनं होती. प्रेसचे अवजड भाग त्यांच्यावर चढवून भोकं पाडायची, तोंडं सपाट करायची. मालकांनी चौथं आणलं तेव्हा नारळ फुटला, पेढे वाटले, त्यांच्या आईंनी मशीनला हळदकुंकू लावलं. आता काम लवकर संपणार, हे सांगायला गणित शिकलेला माणूस लागत नव्हता. आणि पुढच्या प्रेसचं काम, तीन मशिनांवर जेवढ्यात व्हायचं, त्याहून एक दिवस उशिरा संपलं.

ऑपरेटरवर खापर फुटलं, मग हत्यारांवर, मग विजेवर. शेवटी प्लॅनिंगवर, म्हणजे आमच्यावर. सरांनी शॉपच्या जमिनीवर खडूनं चार पट्टे काढले आणि फोरमन वाळक्यांना बोलावलं. वाळके दिघीचे. घरची शेती होती, पण वीस वर्षं मशिनांत काढलेली, आवाज खणखणीत.

सरांनी दाखवलं ते असं. प्रत्येक प्रेसला एक बेड, म्हणजे पाया असतो. त्याचं काम सगळ्यात मोठं. पण तो आधी बाहेर भट्टीत भाजून आणावा लागतो, आणि त्याचा ट्रक दुपारी येतो. दुसरीकडे चार हाऊसिंग, म्हणजे बाजूच्या चौकटी असतात, मध्यम कामं. त्यांच्यावर भोकांच्या खुणा करायला एक नमुना-पाटी लागते, ती आधी मशीनवर तयार करायची. मशिनं तीन होती तेव्हा सकाळी तिन्ही किरकोळ कामांत अडकलेली असायची आणि पाटीचा नंबर उशिरा लागायचा. त्यामुळे दुपारी बेड आला की हाऊसिंग तयारच नसायची आणि बेडला जागा आयती मिळायची. आता चौथं मशीन आलं, पाटी सकाळीच झाली, चारही हाऊसिंग एकदम तयार झाली आणि चारही मशिनांवर जाऊन बसली. दुपारी बेड आला तर एक मशीन मोकळं नाही. चढवलेला जॉब अर्ध्यात उतरवता येत नाही, सगळं माप पुन्हा लावावं लागतं. बेड दुसऱ्या दिवसापर्यंत जमिनीवर. मग तो एका मशीनवर चढला, आणि बाकीची तीन मशिनं माशा मारत बसली.

"मग करायचं काय?" वाळक्यांनी विचारलं.

"चौथं मशीन सकाळी रिकामं ठेवायचं. मोठं येतंय ना, त्याची जागा ठेवायची."

वाळके खडूच्या पट्ट्यांकडे बघत राहिले. "सर, नवी नवरी आणली वाजतगाजत, अन् पहिल्याच दिशी तिला माळ्यावर बसवायची व्हय?"

सगळे हसले. सरही हसले. पण प्रश्न हसण्याचा नव्हता. शॉपच्या भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवलेलं होतं, 'मशीन थांबलं, कंपनी थांबली'. आमच्याकडे हा नियम नव्हता, धर्म होता. काम समोर असताना मशीन रिकामं ठेवणं म्हणजे ताटात वाढलेलं टाकून उठणं. मालक रोज सकाळी शॉपमधून फेरी मारायचे आणि त्यांची नजर फक्त थांबलेल्या मशीनवर जायची.

सबनीससाहेबांनी अर्धवट मान हलवली. अर्धवट म्हणजे, जमलं तर त्यांनी परवानगी दिली होती, नाही जमलं तर दिली नव्हती. पुढच्या बेडच्या दिवशी सर सकाळपासून चौथ्या मशीनला टेकून उभे राहिले. मी यादी घेऊन तिथेच होते. तीन मशिनं घरघरत होती, चौथं लख्ख पुसलेलं आणि गप्प. तेवढ्यात पलीकडच्या टोकाला मालक वळताना दिसले. सबनीससाहेबांनी लांबूनच वाळक्यांना हातानं खूण केली, चढवा काहीतरी. क्रेनला हाऊसिंग लोंबकळत आलं.

"वाळके, ट्रक येतोय," सर म्हणाले.

"सर, मला ठावं हाय ट्रक येतोय. पर मालक बी येत्यात. आन् ते ट्रकाच्या आधी पोचणार."

"दुपारपर्यंत थांबा फक्त."

"बाजूला व्हा सर. पायावर पडंल."

सर बाजूला झाले. हाऊसिंग चढलं. मालक आले, चालू मशीनवर कौतुकानं हात ठेवला आणि पुढे गेले. त्यानंतर थोड्याच वेळात ट्रक आला. बेड उतरवला, जमिनीवर ठेवला, वर ताडपत्री टाकली. जेवणाच्या सुट्टीत सगळी माणसं कँटीनकडे गेली, आणि सर त्या ताडपत्रीवर बसून डबा खात होते. मी म्हटलं, "सर, कँटीनमध्ये तरी चला."

"इथंच बरंय बाई. दिवसभर कुणी हलवणार नाही याला." मग पोळीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाले, "किती चुकलं, माहितीय? एक दिवस. आधी सांगितलं होतं, तेवढंच."

मला त्या वेळी त्यांची कीव आली नाही. रागच आला. सबनीससाहेबांचाही आला, वाळक्यांचाही, पण जास्त सरांचा. हा माणूस भांडत का नाही?

पुढच्या वेळी तर भांडायचीही गरज नव्हती. सबनीससाहेब वाईट नव्हते. त्यांनी सरांना केबिनमध्ये बोलावलं. टिपणं घ्यायला मी होते.

"मुळे, तुमचं मला पटलंय. मी वर नेतो. फक्त कागदावर एक वाक्य टाका, की ही योजना सर्वोत्तम आहे. खाली मी सही करतो. मग मशीन रिकामं दिसलं तरी कुणी काही बोलणार नाही."

सर कागदाकडे बघत म्हणाले, "सर्वोत्तम आहे का, ते मला माहीत नाही."

"अहो, आधीच्यापेक्षा चांगली आहे ना?"

"आधीच्यापेक्षा आहे. सर्वोत्तम आहे का, ते माहीत नाही."

"मग माहीत काय आहे?"

"कामं अशी एकमेकांवर अडकलेली असली, की वचन मोठं देता येत नाही. सर्वोत्तमाच्या दुपटीच्या आत, एवढं देता येतं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "दुप्पट?"

"दुपटीच्या आत. बहुतेक वेळा पुष्कळच आत. पण खात्रीनं म्हणाल तर दुपटीच्या आत."

"म्हणजे मी मालकांना जाऊन सांगू, की आमचा गणितवाला म्हणतो काम दुप्पट वेळ खाईल?"

"तसं नाही म्हणायलो मी."

"ऐकणाऱ्याला तसंच ऐकू येतं, मुळेसर."

कागद तसाच कोरा राहिला. जिन्यात मी त्यांना गाठलं. म्हटलं, "सर, एक शब्द होता. बाजारातला प्रत्येक साबण सर्वोत्तम असतो. कुणाचं काय बिघडतं?"

"म्हणून तर बाई. त्या साबणवाल्याला विचारा, मळ किती राहील. सांगतो का बघा." ते दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. "दुपटीच्या आत हे वचन आहे. ते मी पाळू शकतो. सर्वोत्तम ही नुसती बढाई आहे. उद्या चुकलं तर किती चुकलं, हे मोजायला माझ्याकडे काही उरणार नाही."

बरोबर होतं. अगदी बरोबर होतं, आणि त्याचा कुणाला काडीचा उपयोग नव्हता. बेड पुढे कित्येक महिने ताडपत्रीखाली वाट बघत राहिले, आणि मी माझ्या यादीत त्यांच्यापुढे दर वेळी एक दिवस पुढची तारीख घालत राहिले.

शेवटी मालकांनी मुंबईहून सल्लागार आणला. टाय लावलेला तरुण माणूस, हातात कागदाची गुंडाळी. ती टेबलावर उलगडली तर टेबल पुरेना. चार मशिनांच्या चार ओळी, त्यांत रंगीत पट्ट्या, आणि वर लाल अक्षरांत 'ऑप्टिमम'. चौथ्या मशीनच्या ओळीत, बेडच्या दिवशी सकाळी, एक पांढरी मोकळी जागा होती. सगळ्यांनी ती बघितली. छापलेल्या कागदावर रिकामं मशीन रिकामं दिसत नाही.

सरांनी हात वर केला, वर्गातल्या मुलासारखा.

"हे सर्वोत्तम आहे, हे कसं ठरवलं?"

"संगणकानं काढलंय."

"त्यानं सगळ्या शक्यता बघितल्या?"

"प्रोग्रॅम ते बघतो."

"सगळ्या बघितल्या असत्या तर आज तुम्ही इथं नसता. तो अजून मोजतच असता." कुणीतरी हसलं. सर विनोद करत नव्हते. "चांगला दिसतोय तक्ता. मी एवढंच विचारायलोय, की चुकला असेल तर जास्तीत जास्त किती?"

मालकांनी घड्याळात बघितलं. सबनीससाहेब म्हणाले, "मुळे, बसा."

चहाचे कप उचलायच्या आत योजना मंजूर झाली. पुढच्या बेडच्या दिवशी चौथं मशीन सकाळभर रिकामं राहिलं, मालक त्याच्यासमोरून गेले आणि समाधानानं मान हलवली. दुपारी ट्रक आला, बेड सरळ चढला. मी धावत वर गेले. सर त्या तक्त्याची प्रत टेबलावर पसरून बसले होते.

"सर, झालं की तुमच्या मनासारखं."

"झालं. बरा आहे तक्ता." त्यांनी कागदाच्या चारही कडांवरून बोट फिरवलं. "पण किती चुकेल, ते कुठं लिहिलंय?"

मी तशीच जिना उतरून खाली आले. त्या दिवशी माझ्या तोंडून काय निघालं असतं, याची मला खात्री नव्हती.

त्या बैठकीनंतर सर प्लॅनिंगमध्ये फार दिवस राहिले नाहीत. त्यांना वाहतूक खात्यात पाठवलं. तिथे गणिताचा उपयोग होईल, असं ऑर्डरमध्ये लिहिलं होतं. म्हणजे कंपनीच्या बसगाड्या कुठून कशा फिरवायच्या ते ठरवायचं. पुनावळ्याची बस, पिंपळे गुरवची बस. सरांनी सगळे रस्ते नव्यानं आखले, आणि ड्रायव्हरांना सांगितलं, "सगळ्यात जवळचा रस्ता मला माहीत नाही, पण हा त्याच्या दुपटीच्या आत आहे." ड्रायव्हरांनी वर्षभर त्याची चेष्टा केली. एखादी गाडी उशिरा आली की गेटवरचा वॉचमन विचारायचा, "दुपटीच्या आत हाय ना?" गाड्या मात्र पूर्वीपेक्षा लवकर पोचत होत्या. ते कुणी म्हटलं नाही.

त्या आखणीत एक खोट होती. पिंपळे गुरवहून निघालेल्या बसचा शेवटचा थांबा दिघी आला. तिथे पोचेपर्यंत बस भरलेली असायची, आणि दिघीची माणसं कंपनीपर्यंत उभी यायची. त्यांत वाळके होते. तोवर त्यांची पाठ गेली होती. शॉपमधून काढून त्यांना स्टोअरच्या खिडकीवर बसायचं हलकं काम दिलं होतं.

मी तेव्हा चिंचवडला राहायची, त्यामुळे ही बस माझी नव्हती. बहीण आजारी होती म्हणून एक रात्र पिंपळे गुरवला राहिले आणि सकाळी त्या बसमध्ये चढले. सर दाराजवळच्या बाकावर खिडकीशी बसलेले. शेजारच्या सीटवर खाकी पिशवी. बस भरत गेली. माणसं पिशवीकडे बघत उभी राहत होती.

"सर, पिशवीचं तिकीट काढलंय का?" एक तरुण कामगार म्हणाला.

"माणूस येतोय."

"माणूस तर मी पण आहे की राव. उभा आहे समोर."

"तुमचे पाय चांगले आहेत. दिघीला येतोय माणूस."

त्यांनी पिशवीवर हात ठेवला तो काढला नाही. मी मागून बघत होते. लष्कराच्या तारेच्या कुंपणाला वळसा घालून बस दिघीच्या थांब्यावर आली. चार-पाच माणसं चढली. वाळके नव्हते. ड्रायव्हरनं जरा वाट बघितली, क्लीनरनं पत्र्यावर थाप मारली, बस निघाली. त्या तरुणाला आता जोर आला.

"काय सर, चुकलं ना?"

"चुकलं," सर म्हणाले.

"किती?"

बसमधली माणसं हसायला तयार होऊन बसली होती. सरांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि सरकून त्याला जागा दिली.

"एक सीट. पिंपळे गुरवपासून इथपर्यंत. त्याहून जास्त नाही."

तो तरुण बसला. सर खिडकीबाहेर बघायला लागले. मी त्यांना बघितलं ते शेवटचं. त्याच उन्हाळ्यात मी रजेवर असताना ते नोकरी सोडून अंबाजोगाईला गेले. निरोपाचा चहाही घेतला नाही म्हणे.

वाळके त्या दिवशी पुतण्याच्या साखरपुड्याला गेले होते. दोन दिवसांनी मी काही सामानासाठी स्टोअरच्या खिडकीवर गेले तेव्हा त्यांना विचारलं, काल बसमध्ये होतात का. व्हय म्हणाले. बसायला मिळालं का?

"मिळालं की," वाळके म्हणाले. "सरांची पिशवी हुती तिथं."